हॉलिडे होम तीन महिने बंद राहणार आहे, काय काय करून ठेवू?

दूरचा_मालक

मंडळी, सल्ला हवाय. माझं एक बैठं घर आहे. दोन बेडरूम, पुढे पडवी, मागे थोडी बाग. सुट्ट्यांच्या हंगामात पर्यटकांना रोजच्या भाड्याने देतो. मी स्वतः गाडीने चार-पाच तासांवर राहतो, म्हणजे मनात आलं आणि चक्कर मारली असं जमत नाही. हंगाम संपला की पावसाचे तीनेक महिने घराला कुलूप.

खरी परीक्षा उघडताना असते. दार उघडलं की कोंदट वास अंगावर येतो. कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी, बाथरूममधून गटाराची घाण, इन्व्हर्टरने मान टाकलेली, फ्रिजचं दार उघडवत नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आसपासच्या सगळ्या घरमालकांना प्लंबर हवा असतो, त्यामुळे तो फोनच उचलत नाही. यंदाच्या पहिल्याच पाहुण्यांनी अभिप्रायात लिहिलं, ‘घर छान, पण वास येतो.’ आता पुढचा प्रत्येक जण बुकिंगच्या आधी तेवढंच वाक्य वाचतो.

तर बंद करताना नेमकं काय काय करायचं? वीज-पाणी पूर्ण तोडावं की काही चालू ठेवावं? उघडायच्या किती आधी जावं? आणि रंगाचं काय? बायको म्हणते हंगामाआधी देऊ, रंगारी म्हणतो आत्ताच उरकून घ्या. घरात साठवणीचे दोन गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन एसी, पाण्याचा फिल्टर, गॅसची शेगडी आणि बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे.

कडीकुलूप

दादा, मी लोकांची अशी घरं सांभाळते. मालक लांब, किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे. हंगामाच्या तोंडावर नव्या मालकांचे फोन येतात ते अगदी याच तक्रारींचे.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या हंगामाची तयारी हा हंगाम संपतो त्याच आठवड्यात करायची. कुठला नळ ठिबकतो, कुठल्या खिडकीची कडी बसत नाही, कुठला पंखा कुरकुरतो हे तेव्हा डोक्यात ताजं असतं. तीन महिन्यांनी तेच सगळं नव्याने शोधावं लागतं, तेही पाहुणे दारात उभे असताना. शिवाय प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन तेव्हा मोकळे असतात. फोन उचलतात आणि काम मारून नेत नाहीत. म्हणून शेवटच्या बुकिंगनंतरचे तीन-चार दिवस घरासाठी राखून ठेवा, कितीही चांगला पाहुणा मिळत असला तरी. पहिल्या दिवशी हंगामातले सगळे अभिप्राय आणि पाहुण्यांचे मेसेज काढून बसा. ‘गरम पाणी यायला वेळ लागला’, ‘मागच्या खोलीचं दार घासतं’ असल्या बारीक ओळी तिथेच सापडतात. तीच तुमची कामांची यादी.

आता बंद घराचं. घर वापराने झिजतं, पण कुजतं ते न वापरल्याने. एक साचलेलं पाणी आणि दुसरी कोंडलेली हवा, बहुतेक दुखणी या दोघांची.

तुमची गटाराची घाण आधी घेऊ. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असतो, कमोडला आतून वळण असतं. या प्रत्येकात साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहतं आणि तेच गटाराच्या हवेला अडवतं. कोणी पाणीच टाकलं नाही की काही आठवड्यांत ते सुकतं. मग वास वर येतो, मागोमाग झुरळं. उपाय अगदी साधा. निघताना प्रत्येक जाळीत दोन मग पाणी ओता आणि वरून दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा पापुद्रा पाण्यावर पसरतो आणि पाणी उडून जायचा वेग पार मंदावतो. मग जाळीवर जाड प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर वजन. कमोडचं झाकण पाडून ठेवा. लोक दोन जागा हमखास विसरतात, वॉशिंग मशीनच्या पाण्याची जाळी आणि गॅलरी किंवा पडवीतली जाळी. तिथे एरवीही पाणी फारसं पडत नाही, त्यामुळे तोच ट्रॅप सर्वात आधी सुकतो आणि आपण बाथरूम घासत बसतो.

मुख्य कॉक बंद करायच्या आधी एक गोष्ट करा. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. बहुतेक वेळा चोर फ्लशच्या टाकीत असतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लशला हात लावू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला म्हणून समजा. हे झालं की कॉक बंद, नळ उघडून पाइपातलं पाणी सोडून द्या, गच्चीवरची टाकी रिकामी करून घासून कोरडी करा. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधलेली असू द्या, नाहीतर डासांची सोय होते. गीझरही रिकामे करा, पण स्विच बंद करून आणि पाणी निवल्यावर.

हवेचं दुखणं जास्त चिवट. ओलसर घर घट्ट बंद करणं म्हणजे ओला डबा झाकण लावून फडताळात ठेवणं. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यामुळे कपाटांची दारं उघडी, खण बाहेर ओढलेले, फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे. गाद्या उभ्या करून त्यावर सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळू नका, आतल्या आत घाम सुटतो. ओल खेचणाऱ्या खड्यांचे डबे बाजारात मिळतात, ते छोट्या कपाटात बरे. पण भरले की त्यात खारं पाणी साठतं, आणि ते ओतायला तीन महिने कोणी नसेल तर सांडून फळीच खराब करतात. वीज चालू ठेवणार असाल तर ओल खेचणारं मशीन लावून त्याचा पाइप थेट बेसिनमध्ये सोडणं जास्त कामाचं.

पण हे सगळं नंतरचं. आधी पाणी आत येतंय का ते बघा. पावसाआधी शिडी लावून पन्हळी साफ करून घ्या. उभ्या पाइपाच्या तोंडाशी पानांचा बोळा बसलेला असतो. तो तसाच राहिला की पाणी पन्हळीवरून सांडून भिंतीत मुरतं आणि तुम्हाला ते कपाटामागे बुरशी म्हणून दिसतं. तुमची बुरशी कपाटाच्या मागच्याच फळीवर आहे म्हणालात ना? ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर आधी त्या भिंतीची बाहेरची बाजू बघा.

यावरूनच रंगाचं. ओल्या भिंतीवर रंग दिला की फोड येतात, पोपडे पडतात आणि पैसे पाण्यात. बाहेरच्या भेगा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांभोवतीचं सिलिकॉन आत्ता, पावसाआधी. आतला रंग पाऊस संपून भिंत खणखणीत वाळल्यावर, आणि पहिल्या पाहुण्याच्या निदान आठवडाभर आधी, म्हणजे रंगाचा वास निघून जाईल. थोडक्यात वहिनींचं बरोबर आहे. रंगाऱ्याला आत्ता काम हवंय, एवढंच.

चादरी, अभ्रे, ब्लँकेटं धुऊनच ठेवा. ‘उघडताना धुऊ’ म्हणून ठेवलेल्या कपड्यांवर न दिसणारे घामाचे डाग पिवळे पडतात आणि लोकरीला लागणारी कसर नेमकी त्या घाम-तेलावरच येते. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, एक दमट अभ्रा अख्खा गठ्ठा नासवतो. गाद्यांच्या शिवणी, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, स्क्रूची भोकं टॉर्च लावून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण. तीन महिने घर बंद, माणूस नाही, मग ढेकूण उपाशी मरतील असं पुष्कळांना वाटतं. मोठा झालेला ढेकूण रक्ताविना महिनोन्‌महिने काढतो. घर रिकामं आहे तोवर औषधफवारणी करून घ्या आणि कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

फ्रिज रिकामा, पुसलेला, बंद, आणि दारात घडी घातलेला टॉवेल अडकवून फट ठेवलेली. वॉशिंग मशीनचंही तेच, खालचा छोटा फिल्टर काढून त्यातलं उरलेलं पाणी सांडून टाका.

नळजोडारी

ताईंनी आमच्या धंद्यातलं बरंचसं सांगून टाकलं. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

उघडताना गीझरचा स्विच आधी लावू नका. कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ उघडा, फुसफुस थांबून सलग धार आली की मगच स्विच. रिकाम्या टाकीत कॉइल तापली की जळते. हंगामाच्या सुरुवातीला मला येणाऱ्या फोनांत ही तक्रार वरच्या नंबरावर.

दुसरं, साचलेल्या पाण्याचा धोका फक्त वासाचा नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अधिवेशनाला जमलेल्या माणसांना न्युमोनिया झाला आणि त्यातले बरेच दगावले. त्या तपासातून लीजोनेला हा जिवाणू सापडला. साधारण २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. तुमच्यासारख्या घरात करायचं एवढंच. शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, क्षारही निघतील. गीझर ६० अंशांवर तापवा. मग खिडकी उघडी ठेवून प्रत्येक नळ आणि शॉवर, गार आणि गरम दोन्ही बाजूंनी, काही मिनिटं वाहू द्या. शॉवरचा पाइप बादलीत सोडा, तुषार उडता कामा नयेत. पाहुण्यांसाठी नंतर गीझरचं पाणी भाजेल इतकं गरम राहणार नाही हेही बघा, घरात लहान मुलं येतात.

पाण्याच्या फिल्टरची टाकी रिकामी करून ठेवा, काडतुसं हंगामाच्या सुरुवातीला नवी घाला. आत्ता नवी घालून तीन महिने भिजत ठेवण्यात अर्थ नाही.

हे वाचणाऱ्यांत कोणाचं घर बर्फाच्या भागात असेल आणि हिवाळ्यात बंद राहत असेल, तर त्याचं गणित वेगळं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. तिथे नुसता कॉक बंद करून भागत नाही, पाइप कॉम्प्रेसरने हवा मारून रिकामे करावे लागतात. ट्रॅपमध्येही पाणी ठेवायचं नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, नळकामासाठीच मिळणारं अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, ओतायचं. गाडीत घालतात ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी आहे, ते घरात वापरू नका. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. बर्फ वितळलं की मग घरभर पाणी.

शेजारचा_बंगला

इतका खटाटोप कशाला? ते तीन महिने महिन्याच्या भाड्याने द्या की कोणाला. घरात माणूस राहिला की पाणी वाहतं, खिडक्या उघडतात, वास येत नाही. भाडं कमी मिळेल, पण कोंदटपणाचा प्रश्नच संपला. आमच्याकडे हेच चालतं.

कडीकुलूप

चालतं, भाडेकरू चांगला असेल तर. माझ्याकडच्या काही घरांत मीच हे सुचवते. पण करार लेखी हवा, आणि भाडेकरू निघणं आणि पहिलं बुकिंग यांत पंधरा दिवसांचं अंतर हवं. लोक दोन्ही तारखा चिकटवतात आणि मग साफसफाईला रात्र उरते. शिवाय पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्या, भांडी, चादरी भाडेकरूच्या वापरात द्यायच्या की कुलपात ठेवायच्या हे आधी ठरवा. द्यायच्या असतील तर नंतर रडायचं नाही.

दूरचा_मालक

ताई, मनापासून आभार. ते कपाट बाहेरच्या भिंतीलाच आहे, आणि त्याच्या वरच पन्हळीचा जोड येतो! उद्याच शिडीवाल्याला फोन करतो. विजेचं मात्र अजून कळलं नाही. मेन स्विच पाडू का? इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या वर्षीच नवी घेतली होती.

फेज_न्यूट्रल

मी इलेक्ट्रिशियन. मेन पाडायचा की नाही हे काय चालू ठेवायचंय त्यावर ठरतं. कॅमेरा, ओल खेचणारं मशीन किंवा बाहेरचा दिवा चालू हवा असेल तर तेवढेच एमसीबी, म्हणजे बोर्डातले प्रत्येक लाइनचे छोटे स्विच, वर ठेवा, बाकी सगळे खाली. काहीच नको असेल तर मेन पाडा. दोन्ही बाबतींत टीव्ही, राउटर, फ्रिज, मायक्रोवेव्ह यांचे प्लग भिंतीतून काढूनच ठेवा. वीज कोसळली तर स्विच बंद असून भागत नाही.

बॅटरी अशीच सोडून गेलात म्हणून गेली. इन्व्हर्टर बंद दिसला तरी थोडी वीज ओढत राहतो, आणि बॅटरी आपली आपणही उतरते. साध्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचं पूर्ण चार्ज झाल्यावरचं माप १२.६ ते १२.७ व्होल्ट. ती १२.४ च्या खाली बराच काळ पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी चालत नाही. निघताना डिस्टिल्ड वॉटरची पातळी खुणेपर्यंत आणा, रात्रभर चार्ज करा आणि इन्व्हर्टरच्या वायरी बॅटरीवरून सोडवा. महिन्या-दीड महिन्याने कोणी जाणार असेल तर तेव्हा पुन्हा एकदा चार्ज. जोडणी जमत नसेल तर माणूस बोलवा, उलट जोडलं तर इन्व्हर्टरही जाईल.

रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, डिजिटल कुलूप, सगळ्यांतले सेल काढा. सेल फुटून आतली पत्री हिरवी पडली की रिमोट फेकावाच लागतो. डिजिटल कुलपातले सेल काढण्याआधी त्याची साधी किल्ली हातात आहे ना तेवढं बघा.

उघडताना आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. खटकन पडायला हवा. नाही पडला तर पाहुण्यांना घर देऊ नका, आधी तो बदला. तो ३० मिलीॲम्पिअरचा आहे ना तेही वाचा, माणसाच्या जिवासाठी तोच लागतो. धुराच्या अलार्मच्या मागे तारीख छापलेली असते, दहा वर्षं झाली की अलार्म वाजत असला तरी बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य बहुधा याहून कमी, त्याचीही तारीख बघा. एसीची सर्व्हिस उघडताना करा, फिल्टर आणि पाणी जायचा पाइप दोन्ही. पाइपात चिखल साठला की पाणी पलंगावर टपकतं.

गॅसची बाटली बंद घरात जोडलेली ठेवू नका. रेग्युलेटर काढून टोपी लावा. रबरी नळीवर तारीख असते, ती उलटली असेल तर आत्ताच नवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. त्यामुळे उघडल्या उघडल्या आधी दारं-खिडक्या आणि मगच दिव्याचं बटण.

नळजोडारी

आणि बुरशी काढायला ब्लीच वापरलं तर त्याच दिवशी कमोडचं ॲसिड बाहेर काढू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. घाईच्या सफाईत हे हमखास होतं.

दूरचा_मालक

हे सगळं छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. शेवटचं एक, उघडायला किती दिवस आधी जाऊ? आणि मधे कोणाला पाठवायचं तर त्याला काय सांगू?

कडीकुलूप

निघताना सगळं नीट केलंत तर दहा दिवस आधी पुरे. पहिले दोन दिवस खिडक्या सताड उघड्या आणि पंखे चालू, बाकी काही नाही. मग पाणी, वीज, सफाई. आणि पाहुणे यायच्या आधी एक रात्र तुम्ही दोघं तिथे पाहुण्यांसारखे राहा. मालकाच्या नेहमीच्या खोलीत नको, मागच्या बेडरूममध्ये. त्यांच्याच शॉवरखाली आंघोळ, त्यांच्याच पलंगाशेजारी फोन चार्जिंगला. प्लग पलंगाच्या मागे गेलाय, आंघोळीला गेल्यावर टॉवेल टांगायला खुंटी नाही, पहाटे गल्लीतला दिवा थेट डोळ्यांवर येतो, हे झाडलोट करताना कधीच कळत नाही. माझ्या एका मालकीणबाईंनी असं राहिल्यावर लगेच जाड पडदे शिवले आणि त्या खोलीबद्दलची तक्रार थांबली.

मधल्या फेरीला विश्वासातला माणूस महिन्यातून एकदा पाठवा, आणि मोठा पाऊस झाला की लगेच एकदा. त्याला सांगायचं थोडंच. छताचे कोपरे आणि बाहेरच्या भिंती बघायच्या, जाळ्यांत मगभर पाणी टाकायचं, मीटरचा आकडा पाठवायचा, उंदराच्या लेंड्या दिसतात का ते ओट्याखाली बघायचं. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू आत येतं. तिथे स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवायचा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

पुरावा लागतो म्हणून सांगते. घराचा विमा असेल तर पॉलिसी आजच काढून वाचा. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर चोरी किंवा पाण्याचं नुकसान भरून मिळणार नाही असं कलम काहींत असतं, आणि काहींत मधे फेरी मारल्याची नोंद मागतात. भाड्याने देताय हे विमावाल्यांना कळवलंय ना, तेही बघून घ्या.

दूरचा_मालक

कळवलेलं नाही. आता आधी तोच फोन, मग शिडीवाला.